साक्षीदार बोलतो ते कागदावर कसं येतं? न्यायालयातल्या लघुलेखकाचं काम आणि पात्रता

गेल्या तीन व्याख्यानांत आपण न्यायदर्शनातल्या प्रमाणांचा विचार केला. प्रत्यक्ष झालं, अनुमान झालं, उपमानही झालं. राहिलं शब्दप्रमाण. त्याची सुरुवात ग्रंथापासून करायची असं आम्ही ठरवलं होतं. पण मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, मुलगी पदवीधर झाली. शॉर्टहँडच्या क्लासला जाते. कोर्टात रिपोर्टर व्हायचं म्हणते. हे काम नक्की काय असतं आणि त्याला लागतं काय?" तेव्हा आम्ही काहीतरी थोडक्यात सांगून त्यांची बोळवण केली. घरी आल्यावर वाटलं, आपल्या पुढच्या व्याख्यानाचा विषयच या बाईंनी विचारला की! कुणीतरी काहीतरी सांगतो, दुसरा ते लिहून घेतो आणि तिसरा ते वाचून एखाद्याच्या आयुष्याचा निर्णय करतो. या साखळीवर आपण कशाच्या बळावर विश्वास ठेवतो? म्हणून आज ग्रंथ बाजूला ठेवू आणि कोर्टाच्या खोलीतून जाऊ.

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ. 'कोर्ट रिपोर्टर' हे आपल्याकडे तिघांना म्हणतात. एक, वर्तमानपत्रासाठी खटल्याच्या बातम्या देणारा पत्रकार. दोन, महत्त्वाचे निवाडे छापणारी नियतकालिकं. आपल्या मुंबईतलं 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' १८९९ पासूनचं आहे. आणि तीन, न्यायालयात बसून बोललेलं उतरवून घेणारा कर्मचारी. अमेरिकेत 'कोर्ट रिपोर्टर' म्हटलं की हा तिसरा. आपल्याकडे त्या पदाचं नाव लघुलेखक, बोलीत स्टेनो. आपण या तिसऱ्याविषयी बोलणार आहोत.

खोलीत काय चालतं

ज्यांनी कोर्ट फक्त सिनेमात पाहिलं आहे त्यांच्यासाठी सांगतो. पट्टेवाला पुकारा करतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, शपथ घेतो. त्याला बोलावणाऱ्या बाजूचा वकील आधी विचारतो तो सरतपास, विरुद्ध बाजूचा विचारतो तो उलटतपास. न्यायाधीशांच्या जवळ, थोडं खाली, संगणकापुढे लघुलेखक बसलेला असतो. आपल्याला वाटतं, साक्षीदार बोलतो आणि हा टाइप करतो. तसं नसतं. साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश ते ऐकतात, त्याचं वाक्य मनात जुळवतात आणि लघुलेखकाला सांगतात. कागदावर येतं ते न्यायाधीशांनी सांगितलेलं वाक्य. कायद्यालाही हीच पद्धत धरून आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत न्यायाधीशांनी तोंडी सांगावं आणि ते थेट टंकलेखन यंत्रावर घ्यावं, अशी सोय लिहिलेलीच आहे.

आता या चित्राशेजारी दोन देशांतले आकडे ठेवू. अमेरिकेत या व्यवसायाची जी राष्ट्रीय संघटना आहे तिच्या पायाभूत प्रमाणपत्राला पाच-पाच मिनिटांच्या तीन परीक्षा असतात. मिनिटाला १८० शब्द, २०० शब्द आणि साक्षीच्या प्रश्नोत्तरांसाठी २२५ शब्द. आपल्या महाराष्ट्रात जिल्हा न्यायालयांच्या अलीकडच्या भरतीत लघुलेखकाला मागितलेला वेग आहे इंग्रजी लघुलेखनाला १०० आणि मराठीला ८०. टंकलेखन इंग्रजी ४०, मराठी ३०.

माणूस सहज बोलायला लागला की मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलून जातो. वकिलाने प्रश्न आणि साक्षीदाराने उत्तर अशी चकमक सुरू झाली की त्याहून जास्त. म्हणजे ८० शब्दांच्या वेगाने तोंडातलं प्रत्येक अक्षर उतरवणं शक्यच नाही, आणि आपली व्यवस्था ते मागतही नाही. तिकडे शब्दन्‌शब्द हवा आहे म्हणून २२५. इकडे न्यायाधीशांनी सांगितलेलं वाक्य हवं आहे, ते सावकाश सांगितलं जातं, म्हणून ८०. अमेरिकेतली माणसं आपल्यापेक्षा तिप्पट हुशार असतात असा याचा अर्थ नाही. दोन व्यवस्थांनी 'साक्ष' म्हणजे काय याची दोन वेगळी उत्तरं दिली आहेत, ती या आकड्यांत दिसतात.

पात्रता: कागदावरची

आता त्या बाईंच्या मुलीला उपयोगी पडेल ते आधी सांगून टाकू. जिल्हा न्यायालयातल्या लघुलेखक पदासाठी कोणत्याही शाखेची पदवी, आत्ता सांगितलेल्या वेगाची लघुलेखन आणि टंकलेखनाची शासकीय प्रमाणपत्रं आणि संगणक वापरता येत असल्याचं प्रमाणपत्र लागतं. टंकलेखन आणि लघुलेखनाच्या शासकीय परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. लघुलेखनाची परीक्षा ६०, ८०, १००, १२० अशा पायऱ्यांनी द्यायची असते. उच्च न्यायालयात काम इंग्रजीतून चालतं, कारण संविधानाच्या कलम ३४८ मध्ये तसं सांगितलं आहे. तिथे वरच्या श्रेणीला १२० चा वेग लागतो. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा राज्य शासनाने १९९८ साली मराठी ठरवली, तरी इंग्रजीचं काम पुष्कळ असतं, म्हणून दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. नुसत्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळत नाही. भरतीच्या वेळी पुन्हा लघुलेखनाची आणि टंकलेखनाची चाचणी होते, मग मुलाखत. श्रेणीप्रमाणे अटी बदलतात, तेव्हा अर्ज करताना त्या वेळची जाहिरात शब्दन्‌शब्द वाचायची. (हशा) हो, याही कामात पहिली पायरी वाचण्याचीच आहे.

हा वेग महिन्या-दोन महिन्यांत येत नाही. रोज न चुकता बसावं लागतं. गायनाच्या रियाजासारखंच, एक आठवडा सोडला की हात मागे जातो.

'पडला' आणि 'पाडला'

लघुलिपीविषयी थोडं सांगितलं पाहिजे, कारण या कामातला धोका तिच्यातच दडलेला आहे. आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिचं तत्त्व असं की स्पेलिंग लिहायचं नाही, ऐकू आलेला ध्वनी लिहायचा. प आणि ब हे एकाच रेघेने दाखवायचे. रेघ बारीक असेल तर प, ठळक असेल तर ब. स्वरांसाठी रेघेच्या बाजूला ठिपके आणि छोट्या रेषा. मराठी लघुलेखन याच वाटेने आलं. वेग वाढला की काय होतं? स्वरांचे ठिपके गळायला लागतात. व्यंजनांचा सांगाडा राहतो आणि स्वर कोणता ते संदर्भावरून ओळखायचं.

आता 'दगड पडला' आणि 'दगड पाडला' ही दोन वाक्यं घ्या. सांगाडा एकच, प-ड-ल. फरक एका काना इतका. पण पहिलं वाक्य अपघाताचं आहे आणि दुसरं गुन्ह्याचं असू शकतं. इथे संदर्भ मदतीला येत नाही, कारण दगड पडला की पाडला हाच तर खटल्याचा प्रश्न आहे! चांगला लघुलेखक बाकीचे सगळे ठिपके सोडेल, पण हा सोडणार नाही. कुठे घाई करायची आणि कुठे हात आवरायचा हे त्याला कळतं. हे कळणं कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेलं नसतं.

अमेरिकेतल्या त्या परीक्षेत ९५ टक्के अचूकता लागते. पाच मिनिटांना २२५ प्रमाणे ११२५ शब्द झाले. त्यात ५६ चुका झाल्या तरी माणूस उत्तीर्ण होतो. त्या ५६ मध्ये एक 'नाही' गळलेला असेल तर? म्हणून तिकडेही परीक्षेतल्या कच्च्या लेखनावर काम भागत नाही. प्रत्यक्ष खटल्यातलं लेखन पुन्हा तपासून, ते खरं असल्याचा दाखला देऊनच सादर करावं लागतं. टक्केवारी परीक्षेला चालते. पिंजऱ्याबाहेर बसलेल्या आरोपीला ती चालत नाही.

साक्षीदार न बोललेली वाक्यं

आपल्याकडच्या पद्धतीचा आणखी एक परिणाम पाहू. सत्र न्यायालयातली साक्ष सर्वसाधारणपणे कथनरूपाने लिहावी असा नियम आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात तो कलम ३११ मध्ये आहे. न्यायाधीशांना वाटलं तर एखादा भाग प्रश्न-उत्तर अशा रूपात घेता येतो, पण एरवी कथन.

कथन म्हणजे कसं? वकील विचारतो, "तुमची आणि आरोपीची बांधावरून जुनी भांडणं आहेत आणि त्या रागातून तुम्ही आज खोटी साक्ष देताय, खरं ना?" साक्षीदार म्हणतो, "नाही." कागदावर येतं, 'आरोपीसोबत माझा बांधावरून जुना वाद आहे व त्या रागातून मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.' साक्षीदार बोलला एक शब्द आणि त्याच्या नावावर लागलं एक लांबलचक वाक्य. त्यात वाद आहे हे खरं नाही, की राग खरा नाही, की साक्ष खोटी असणं खरं नाही? वाचणाऱ्याने काय समजायचं? साक्षीदाराला तर यातली एखादीच गोष्ट नाकारायची असेल.

दुसरं उदाहरण वेळेचं. गावाकडचा साक्षीदार सांगतो, "दिवेलागणीला पाहिलं मी त्याला." लिहिताना ते 'सायंकाळी सुमारे ७ वाजता' होतं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, कागद नेमका व्हावा. पण घटना डिसेंबरातली असेल तर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातला काळोख असतो. मग उलटतपासात प्रश्न येतो, अंधारात चेहरा कसा ओळखला? साक्षीदार गोंधळतो. त्याने काळोख सांगितलाच नव्हता, त्याने उजेड आणि अंधार यांच्यामधली वेळ सांगितली होती. आपण त्याच्या शब्दाला घड्याळ बांधलं आणि त्याच घड्याळाने त्याला खोटं ठरवलं.

शब्द बदलला की माणूस बदलतो, हे आपल्या लोकांना नवीन नाही. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात 'केसरी'तल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. त्यांच्यापुढे होतं ते लेखांचं इंग्रजी भाषांतर. टिळकांनी स्वतः बाजू मांडली आणि भाषांतर करणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी घेतली. मराठी शब्दाची छटा इंग्रजीत भलतीच होते, हा त्यांच्या बचावातला मोठा मुद्दा होता. निकाल आपल्याला ठाऊक आहे, सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा, ती त्यांनी मंडालेला भोगली. तालुक्याच्या कोर्टात रोज चालणाऱ्या किरकोळ दाव्यांतही तोच प्रश्न लहान रूपात असतो. तिथे टिळकांसारखा माणूस पिंजऱ्यात उभा नसतो एवढंच.

आमची साक्ष

आता एक घरचा अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परिचित गृहस्थांच्या मृत्युपत्रावर आम्ही साक्षीदार म्हणून सही केली होती. पुढे भावाभावांत दावा लागला आणि आम्हाला तालुक्याच्या कोर्टात जावं लागलं. मृत्युपत्राच्या साक्षीदाराचं काम काय? करून देणाऱ्याने आपल्यासमोर सही केली आणि आपण त्याच्यासमोर केली, हे सांगणं. त्यावर सगळं उभं असतं.

उलटतपासात वकिलांनी विचारलं, "ते सही करत होते तेव्हा तुम्ही कुठे होता?" आम्ही म्हणालो, "खिडकीशी उभा होतो. पण त्यांच्याकडेच बघत होतो." न्यायाधीशांनी सांगितलं, 'सही करतेवेळी मी खिडकीजवळ उभा होतो.' तेवढ्यात वकिलांनी पुढचा प्रश्न सुरू केला. दुपार उलटून गेली होती, बोर्डावर पुष्कळ कामं होती, सगळ्यांनाच घाई.

संगणकापुढे तिशीतल्या एक लघुलेखिका होत्या. त्यांनी हात थांबवले, मान वर केली आणि हळूच म्हणाल्या, "साहेब, पुढचं वाक्य घ्यायचं का?" न्यायाधीशांनी आमच्याकडे पाहिलं, उत्तर पुन्हा सांगायला लावलं आणि 'परंतु मी त्यांच्याकडे पाहत होतो' हे शब्द कागदावर आले.

मंडळी, आम्ही आयुष्यभर वर्गात मुलांना सांगत आलो की शब्दाला शब्द ठेवा. आणि आपलंच अर्धं वाक्य गळलं हे आमच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं! परतीची एस.टी. गाठायची हेच डोक्यात होतं. ते वाक्य गळलं असतं तर काय उरलं असतं? सही होताना साक्षीदार खिडकीशी उभा, म्हणजे बाहेर बघत असणार. एका कुटुंबाचं घर त्या अर्ध्या वाक्यावर होतं.

त्या बाईंनी काय केलं आणि काय केलं नाही, हे दोन्ही पाहा. त्यांनी स्वतःहून ते वाक्य घातलं नाही. तो अधिकार त्यांचा नव्हता. आमची बाजूही घेतली नाही. आम्ही खरं बोलतोय की खोटं, याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. आम्ही जे बोललो ते बोललो गेलं आहे, एवढ्याशीच त्यांची निष्ठा होती.

आप्त कोण?

आता न्यायदर्शनाकडे येऊ. त्या मताप्रमाणे शब्द हे प्रमाण ठरतं ते आप्ताचा असेल तर. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. वात्स्यायन आपल्या भाष्यात आप्त कुणाला म्हणायचं ते सांगतात. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू आहे असंही ते म्हणतात. जात नाही, पद नाही. जाणणं आणि जसंच्या तसं सांगावंसं वाटणं, एवढंच.

साक्षीदार घटनेविषयी आप्त आहे की नाही, हे न्यायाधीश ठरवतील. पण लघुलेखकाने घटना पाहिलेली नसते. त्याने जाणलेली वस्तू एकच, उच्चारलेला शब्द. त्या शब्दापुरता तो आप्त असावा लागतो. आणि हे महत्त्वाचं का? अपिलात वरच्या न्यायालयासमोर साक्षीदार नसतो, त्याचा आवाज नसतो, तो अडखळला ते नसतं. साक्षीदाराच्या वागण्याविषयी महत्त्वाची वाटेल ती नोंद न्यायाधीशांना करता येते, नव्या संहितेच्या कलम ३१५ मध्ये ती तरतूद आहे. पण ती नोंद नसेल तर वर जातो तो फक्त कागद. तिथून पुढे कागद हाच साक्षीदार.

या आप्तपणात गुप्तताही आली. निकालपत्र न्यायाधीश सांगतात आणि लघुलेखक टाइप करतो. म्हणजे सुटका की शिक्षा हे आरोपीच्या आधी त्याला कळलेलं असतं. बाहेर व्हरांड्यात आरोपीची आई बसलेली असते आणि हा तिच्यासमोरून चहाला जातो. चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. ही पात्रता कुठल्या चाचणीत मोजणार?

यंत्र आलं तर

तुमच्यातले तरुण विचारतील, हे सगळं आता यंत्र करणार नाही का? करायला लागलं आहे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीचं यंत्राच्या मदतीने शब्दांकन सुरू केलं, तेही आपल्या महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या प्रकरणात, घटनापीठापुढे. त्याचं स्वागत केलं पाहिजे. आवाज जसाच्या तसा टिकला तर 'दिवेलागण' दिवेलागणच राहील आणि 'नाही' हा एक शब्द एकच शब्द राहील. आमच्या मते साक्षीदाराचा यात फायदाच आहे.

पण यंत्र थांबून "साहेब, पुढचं वाक्य घ्यायचं का?" असं विचारत नाही. अस्पष्ट ऐकू आलं तरी ते काहीतरी लिहून पुढे जातं, आणि लिहिलेलं इतकं नीटनेटकं दिसतं की शंका येत नाही. वऱ्हाडातलं 'वावर' म्हणजे शेत, हे त्याला कळेलच असं नाही. वेगाचं काम यंत्राकडे गेलं तर माणसाकडे उरेल ते ऐकण्याचं, ताडून पाहण्याचं आणि योग्य जागी थांबण्याचं. त्या बाईंच्या मुलीला आमचं सांगणं एवढंच. वेग कमवच, त्याशिवाय दारातून आत घेणार नाहीत. पण बरोबरीने आपल्या जिल्ह्याची बोली ऐकत जा, एस.टी.त, बाजारात, शेतावर. आणि ऐकलेलं वाक्य स्वतःच्या शब्दांत न बदलता परत सांगता येतं का, हे रोज करून पाहा. वाटतं त्यापेक्षा ते फार अवघड आहे.

राहिलो आपण. आपल्यापैकी बहुतेक जण लघुलेखक होणार नाहीत, पण साक्षीदार कुणीही होऊ शकतो. फौजदारी खटल्यात साक्ष पूर्ण झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवावी, गरज असेल तर दुरुस्त करावी, असा कायदा आहे. पूर्वीचं कलम २७८, आताचं ३१३. न्यायाधीशांना दुरुस्ती योग्य वाटली नाही तरी तुमच्या आक्षेपाची नोंद करता येते. कागदाच्या शेवटी 'वाचून पाहिले, बरोबर आहे' असं लिहिलेलं असतं आणि खाली तुमची सही घेतात. ते वाक्य खरं होईल असं वागा. एस.टी. चुकली तर चुकू द्या. आम्ही त्या दिवशी वाचलं नव्हतं, नुसती सही केली होती.

पुढच्या वेळी इथूनच पुढे जाऊ. वेदांचा कर्ता कुणीच नाही असं मीमांसक म्हणतात. मग तिथे आप्त कोण? विचार करून या. नमस्कार.